ड्रमसिंधु, अर्थात पहिल्या ड्रमसेटचा निर्णय

स्मार्तांची एकादशी कोणती आणि भागवतांची कोणती, सुतक किती पिढ्यांपर्यंत धरावे, न दिसणारे ग्रहण पाळावे की नाही, असल्या प्रश्नांचा निकाल पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘धर्मसिंधु’त लावून ठेवला. तेव्हापासून मराठी घरांतले निम्मे वाद मिटले. उरलेल्या निम्म्यांत अलीकडे एका वादाची भर पडली असून त्याविषयी शास्त्रकार गप्प आहेत. आठवीतला मुलगा (क्वचित बँकेतून निवृत्त झालेले त्याचे आजोबा) जेवता जेवता ताटाच्या कडेवर चमचा वाजवत म्हणतो, ‘मला ड्रमसेट हवाय.’ घर चिडीचूप होते. अशी शांतता पुन्हा लाभणार नाही, हे ओळखून आई म्हणते, ‘आधी गणितात पास हो.’ अशा प्रसंगी कोणता ड्रमसेट ग्राह्य, कोणता त्याज्य, द्रव्य किती आणि कशावर खर्चावे, कोणत्या काळी वाजवावा आणि खालच्या मजल्याची शांत कशी करावी, याचा निर्णय व्हावा म्हणून प्रस्तुत ग्रंथ रचला आहे.

प्रथम लक्षण. भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत: तारांची ती तत, फुंकायची ती सुषिर, मढवलेली ती अवनद्ध आणि धातूची ती घन. ड्रमसेट यांपैकी कशात बसवायचा, इथेच पहिली ठेच लागते. किक (म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ढोल), स्नेअर आणि टॉम ही मंडळी अवनद्ध; हाय-हॅट, क्रॅश आणि राइड या झांजा म्हणजे घन. म्हणून काही पंडित त्याला संकरवाद्य म्हणतात आणि म्हणताना नाक मुरडतात. त्यातही मढवायचे म्हणजे कातडे हवे, आणि १९५०च्या दशकात अमेरिकेत चिक एव्हान्स आणि रेमो बेली यांनी वासराच्या कातड्याच्या जागी मायलर नावाचा प्लास्टिकचा पापुद्रा आणला. तेव्हापासून बाजारात येणारा ड्रमसेट सहसा शुद्ध शाकाहारी असतो. दुकानदार मात्र त्या पापुद्र्याला अजून ‘स्किन’च म्हणतात, घरात सोवळ्याची आजी असल्यास हा खुलासा खरेदीपूर्वी करावा.

प्राचीनतावाद्यांचे म्हणणे असे की हे सगळे आपल्याकडे होतेच. आधारासाठी ते नाट्यशास्त्रातलीच स्वाती मुनींची कथा काढतात. मुनी तळ्यावर पाणी आणायला गेले, पाऊस आला, कमळाच्या लहान, मध्यम आणि मोठ्या पानांवर थेंबांचे निरनिराळे नाद उमटले. ते मनात धरून त्यांनी विश्वकर्म्याच्या साह्याने पुष्करवाद्ये घडवली. एक मांडीवर आडवे, एक उभे, एक कवेत घ्यायचे, आणि वाजवणारा एकच. हा पुरावा नाकारण्याचे कारण नाही. पान मोठे तर नाद खाली, पान लहान तर नाद वर, हे तर आजच्या प्रत्येक टॉमवर पडताळून पाहता येते. पण मुनींचे दोन्ही पाय रिकामे होते, आणि ड्रमसेटचे मर्म पायात आहे.

ते कसे, यासाठी थोडा इतिहास पाहणे प्राप्त आहे. एकोणिसाव्या शतकातल्या लष्करी थाटाच्या बँडमध्ये मोठा ढोल एकाच्या गळ्यात, छोटा दुसऱ्याच्या कमरेला आणि झांजा तिसऱ्याच्या हातात असत. आपल्याकडच्या लग्नाच्या बँडने ही श्रमविभागणी अजून मोडलेली नाही. मेरठच्या जली कोठीतून आलेले साइड ड्रम आणि ढोल आजही नवऱ्या मुलापुढे वेगवेगळ्या गळ्यांत लटकून चालतात. अमेरिकेत मात्र ही वाजवणारी माणसे नाटकगृहात शिरली. तिथे रंगमंचापुढच्या खड्ड्यात जागा अपुरी आणि मालकाचा हात आखडता. तिघांचे काम एकाने करावे आणि पगार एकाचाच घ्यावा, असा सोयीचा तोडगा निघाला. काही काळ बिचारे एकाच काठीजोडीने ढोल आणि स्नेअर दोन्ही बडवत राहिले. मग शिकागोत विल्यम एफ. लडविग याला रॅगटाइमच्या वेगापुढे जुनी पेडले लंगडी पडतात असे आढळले; त्याने स्वतःचे पेडल बनवले आणि १९०९ मध्ये भाऊ थिओबाल्ड याच्यासह कारखाना काढला. पाय कामाला लागला, आणि दोन माणसे घरी बसली.

यातून निघणारा सिद्धान्त या ग्रंथाचा कणा आहे. ड्रमसेट हा मुळात काटकसरीचा शोध आहे. ‘परवडणारा ड्रमसेट’ ही पुनरुक्ती आणि ‘न परवडणारा ड्रमसेट’ हा वदतोव्याघात. शिवाय ज्या एका वस्तूमुळे तो जन्मला ती वस्तू म्हणजे पेडल; म्हणून नवशिक्याने पहिला रुपया पायाखाली घालावा. या मताला पादवाद म्हणावे, अशी सूचना एका संस्कृतज्ञ स्नेह्यांनी केली होती. मराठी वाचकवर्ग ध्यानात घेऊन ती नम्रपणे फेटाळली असून पुढे सर्वत्र ‘पेडलपक्ष’ असे म्हटले आहे.

पेडलपक्ष दुकानात टिकत नाही, कारण दुकानात समोर लाल रंग असतो. मुंबईत १८६५ पासून उभे असलेले फर्टाडोज घ्या की तालुक्याच्या गावी हार्मोनियमच्या शेजारी एक ड्रमसेट मांडून बसलेला दुकानदार घ्या, आत शिरणाऱ्या ग्राहकांचे संप्रदाय तेच. त्यांतला सर्वांत मोठा संख्यावाद्यांचा. वडील बहुधा याच पंथाचे असतात. ‘किती पीस?’ हा त्यांचा पहिला प्रश्न आणि ‘त्याच पैशात सात येतायत की!’ हा शेवटचा निष्कर्ष. या पंथाला हे ठाऊक नसते की पीस मोजताना फक्त ड्रम मोजतात. किक, स्नेअर, वर दोन टॉम आणि जमिनीवर एक फ्लोअर टॉम, झाला फाइव्ह-पीस. झांजा मोजत नाहीत, स्टँड मोजत नाहीत, स्टुलाला तर कोणी विचारतही नाही. यातून पुढील संवाद उद्भवतो, तो कोणत्याही शनिवारी ऐकायला मिळतो.

‘याच्याबरोबर स्टूल येतं ना?’

‘नाही काका, हा शेल पॅक आहे. स्टूल वेगळं.’

‘आणि झांजा?’

‘त्याही वेगळ्या.’

‘स्टँड?’

‘वेगळे.’

‘मग येतं तरी काय?’

‘कंपनीचा स्टिकर येतो, काका.’

संख्यावादाचे खंडन इतिहासानेच केले आहे. १९३०च्या दशकात अमेरिकी ड्रमवादक जीन क्रुपाने स्लिंगरलँड कंपनीकडून दोन्ही बाजूंनी सुरात लावता येणारे टॉम करवून घेतले आणि एकंदर चार ड्रमांवर स्विंगचा जमाना गाजवला. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्सचा रिंगो स्टार अमेरिकी दूरचित्रवाणीवर ‘एड सलिव्हन शो’त दिसला, तेव्हा त्याच्यापुढेही चारच ड्रम होते, किकवर लडविगचे नाव ठळक होते, आणि त्या कंपनीकडे मागणीचा असा लोंढा आला की कारखान्याला रात्रपाळी लावावी लागली. बरे, चार तरी लागतात का? नवशिक्याचा पहिला ताल पाहा: उजव्या हाताने हाय-हॅटवर आठ ठोके, पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला किक, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला स्नेअर. संपले. यात टॉमचे नावही नाही. कितीतरी घरांत टॉमला पहिला हात लागतो तो दिवाळीच्या साफसफाईत.

वर्णवादी हा मुलांचा पंथ. त्यांना चकाकणारा काळा, नाही तर ठिपक्याठिपक्यांचा लाल हवा असतो. तो रंग म्हणजे लाकडावर गुंडाळलेला प्लास्टिकचा कागद. आत काय आहे? पर्लचा रोडशो, यामाहाचा रायडीन, टामाचा स्टेजस्टार अशा नामवंत घराण्यांच्या पहिल्या पायरीच्या सेटांत पॉप्लरचे प्लाय असते. मेपल आणि बर्च वरच्या पायऱ्यांवर भेटतात. म्हणजे या किमतीत लाकडावरून भांडण्यात अर्थ नाही. जो म्हणेल की मला पॉप्लर-पॉप्लरमधला फरक ऐकू येतो, त्याचे डोळे बांधून परीक्षा घ्यावी, आणि परीक्षेची फी आधी घ्यावी. मापाचा मुद्दा मात्र खरा आहे. २२ इंची किक, त्यावर १२ आणि १३ इंचांचे टॉम आणि १६ इंची फ्लोअर टॉम ही जुनी रॉकची मापे. दहा बाय दहाच्या खोलीत कपाट, पलंग आणि आठवीतला मुलगा यांच्यासह ती मावत नाहीत. मावली तर कपाट उघडत नाही. २० इंची किक आणि १०, १२, १४ इंचांचे टॉम ज्याला फ्युजन म्हणतात, तो सेट अशा खोलीला आणि तेवढ्याच हातांना मानवतो.

तिसरा पंथ धातुवाद्यांचा. हा अल्पसंख्य आहे, पण त्याचे बोलणे कान देऊन ऐकावे. झांजांचे नामवंत घराणे झिल्जन यांचे. कॉन्स्टँटिनोपलमध्ये सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे शिवजन्माच्याही आधी, सोने करायला निघालेल्या अवेदिस नावाच्या एका आर्मेनियन किमयागाराला सोने काही साधले नाही. साधला तो ८० भाग तांबे आणि २० भाग कथील असा मिश्रधातू, जो आपटला तरी फुटत नाही आणि घुमतो मात्र फार वेळ. आजही उत्तम झांजा या प्रमाणाच्या असतात. आता घरातल्या आजीकडे जावे. तळपाय चोळायची तिची काशाची वाटी जवळपास याच प्रमाणाची असते. तळहातावर उताणी ठेवून तिच्या कडेला नखाने टिचकी मारावी. जो नाद लांबत लांबत जातो तो कथिलाचा. मग पितळेच्या परातीवर तशीच टिचकी मारावी. परात ‘ठण्’ म्हणून मोकळी होते. स्वस्त सेटाबरोबर फुकट येणाऱ्या झांजा बहुधा पितळेच्या असतात, तांबे आणि जस्त. त्या वाजवल्या की शेजारी विचारतात, काय पडले हो? मधला मार्ग ९२ भाग तांबे आणि ८ भाग कथिलाचा. नाद थोडा कर्कश, पण झांजेचाच. फुकटच्या झांजा वर्षभर सहन करून मग या मधल्या मार्गाची हाय-हॅट आणि एक क्रॅश घ्यावी, असे आमचे मत आहे. ड्रमचा नाद स्किन बदलून सुधारतो. झांजेला बदलण्यासारखे काही नसते, ती जशी आली तशीच राहते. म्हणून दुसरा रुपया धातूवर.

पहिला अर्थात पायाखाली, आणि त्यालाच जोडून बुडाखाली. स्वस्त सेटाबरोबर येणारे पेडल हाताने दाबून पाहू नये, हाताला सगळीच पेडले आवडतात. बीटर, म्हणजे किकवर आदळणारा दांडा, मागे ओढावा आणि सोडून द्यावा. बराच वेळ झुलत राहिला तर सांध्यांत घर्षण कमी. दोन हेलकाव्यांत थांबला तर पुढली दोन वर्षे मुलगा ‘माझा पाय दुखतो’ म्हणणार आणि सर त्याला ‘सराव कर’ म्हणणार, आणि दोघांचेही खरे असणार. पायपट्टी आडवी हलवून पाहावी; ती खुळखुळली तर मोलभाव न करता पुढे जावे. स्टुलाबद्दल तर घरोघरी अंधार. ‘खुर्ची आहे की घरात’ हे वाक्य आम्ही इतक्या ठिकाणी ऐकले आहे की त्याला सूत्राचा दर्जा द्यायला हरकत नाही. प्लास्टिकच्या खुर्चीच्या हातांवर कोपरे आपटतात. जेवणाच्या टेबलाची खुर्ची वरखाली होत नाही. मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती राहील इतकी उंची हवी, नाही तर पाय पेडलवर न पडता पेडलला लोंबकळतो. मळसूत्राचे आणि तीन दुहेरी पायांचे स्टूल घ्यावे. ते ड्रमसेट विकल्यानंतरही घरात राहते. इस्त्री करायला फार सोयीचे पडते.

काठ्यांचे प्रकरण लवकर आवरतो. 5ए घ्यावी. 7ए बारीक, 2बी जाड. म्हणजे आकडा वाढला की काठी रोडावते, हे गणितात पास होण्याची अट घातलेल्या मुलाला सांगून गोंधळात टाकू नये. लाकूड हिकरीचे. काठी सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी ती दुकानाच्या काचेवर गडगडत न्यावी. वाकडी काठी टकटक उड्या मारते आणि दुकानदार दुसरीकडे पाहू लागतो.

आता अधिकारी कोण, हा प्रश्न. ज्याला ड्रमसेट हवा तो अधिकारी, असे पूर्वपक्षी म्हणतो. उत्तर असे की हवा असणे वेगळे आणि डाव्या हाताने वाजवणे वेगळे. म्हणून आधी रबराचे प्रॅक्टिस पॅड आणि काठ्यांचा एक जोड आणावा. दोन्ही मिळून एका बऱ्यापैकी हॉटेलातल्या चौघांच्या जेवणापेक्षा महाग पडत नाहीत. जॉर्ज लॉरेन्स स्टोन यांचे १९३५ सालचे ‘स्टिक कंट्रोल’ नावाचे पुस्तक आहे. त्याच्या पहिल्या पानावर उजवा-डावा याखेरीज जवळजवळ काही नाही. त्यातला प्रसिद्ध पॅराडिडल मराठी तोंडात घालायचा तर उ-डा-उ-उ, डा-उ-डा-डा. हे हळू म्हणावे, तसेच हळू वाजवावे, मग रोज थोडे जलद. जो मुलगा तीन महिने रोज वीस मिनिटे उडाउउ करील आणि तरीही ‘ड्रमसेट कधी?’ असे विचारील, त्याचा अधिकार सिद्ध झाला. जो चौथ्या दिवशी गिटार मागील त्याच्या पित्याचे निदान तीस हजार वाचले. या परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण सांगणे विक्रेत्यांना रुचणार नाही.

कालनिर्णय. ध्वनिप्रदूषणाचे सन २००० चे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. रात्र म्हणजे दहा ते सहा. जोरात वाजवलेला ड्रमसेट वाजवणाऱ्याच्या कानाशी शंभर डेसिबलच्या घरात सहज जातो. त्यामुळे कायद्यातून मुहूर्त शोधू गेल्यास एकही सापडत नाही. तो सोसायटीच्या चालीरीतीतून काढावा लागतो. दुपारी दोन ते चार वामकुक्षी, म्हणून वर्ज्य. संध्याकाळी सात ते साडेनऊ मालिका, म्हणून अतिवर्ज्य. फेब्रुवारी-मार्चमध्ये इमारतीत कोणाची ना कोणाची दहावी किंवा बारावी असतेच. तो ड्रमसेटाचा चातुर्मास समजावा. उरतो तो साडेपाच ते साडेसहाचा संधिकाल, जेव्हा खाली मुले क्रिकेट खेळत असतात आणि वर कुकरच्या शिट्ट्या सुरू झालेल्या असतात. पण सर्वश्रेष्ठ मुहूर्त भाद्रपदातला. जुलैपासून ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू असतो, चतुर्थीपासून मंडपाचे स्पीकर. अशा वेळी तिसऱ्या मजल्यावर कोणी पहिल्यांदा क्रॅशवर काठी मारली तर ती मारणाऱ्यालाही ऐकू येत नाही. श्रीगणेशा करावा तो याच दहा दिवसांत.

कानांबद्दल विनोद पुरे. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या हिशेबाने ८५ डेसिबल आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटे. हा काळ आईने ‘पुरे!’ म्हणण्याच्या काळाशी तंतोतंत जुळतो, यावरून मातृत्वाचे शास्त्र किती पुढारलेले आहे ते दिसते. हार्डवेअरच्या दुकानात कारखान्यातल्या कामगारांसाठी कान झाकायचे मफ मिळतात. ते पहिल्या दिवसापासून, मुलाला आणि शिकवणाऱ्यालाही. यात काटकसर नाही.

या सर्व त्रासातून सुटका म्हणून मौनवादी संप्रदाय निघाला. रोलंडने १९९७ मध्ये जाळीच्या स्किनचा इलेक्ट्रॉनिक सेट आणला. आज अलेसिस आणि यामाहाचेही नवशिक्यांचे सेट मिळतात. हेडफोन कानाला लावायचे, रात्री अकराला वाजवायचे, कुणाला पत्ता नाही. रबरी पॅडपेक्षा जाळीचे घ्यावे, काठीची उसळी खऱ्याच्या जवळ जाते. जागा कमी, आवाज कमी, मेट्रोनोम आतच. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने डोळे मिटून हाच घ्यावा, असे म्हणणारे आचार्य पुष्कळ आहेत आणि आम्ही त्यांच्याशी जवळजवळ सहमत आहोत. ‘जवळजवळ’ याचे कारण पुन्हा पाय. हाताचा आवाज हेडफोनात जातो, पायाचा स्लॅबमधून खाली. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांना ना गाणे, ना ताल, ना झांज. फक्त छतातून धप्, धप्, मध्येच एक धप् चुकलेला. पूर्ण ड्रमसेट ऐकणाऱ्याला निदान काय चालले आहे ते कळते. याला उपाय टेनिस बॉलचा. प्लायवूडच्या दोन फळ्या घ्याव्यात, खालच्या फळीत करवतीने वाटोळी भोके पाडावीत, प्रत्येकात एक चेंडू बसवावा, वर दुसरी फळी आणि त्यावर सेट. चेंडू धक्का पितात. गल्ली क्रिकेटमधून निवृत्त झालेले, केस गेलेले चेंडू चालतात. फाटलेले चालत नाहीत.

यावरून सतरंजीचा विषय निघतो. तो कोणत्याही दुकानात काढला जात नाही, आणि आमच्या मते ड्रमसेटाच्या समग्र शास्त्रात याहून महत्त्वाचे प्रकरण नाही. किकवर बीटर आदळतो तेव्हा ड्रम पुढे ढकलला जातो. किकच्या दोन बाजूंना अणकुचीदार पाय असतात ते याचसाठी. ते जमिनीत रुततात असे पाश्चात्त्य कारागिरांनी गृहीत धरले होते. त्यांनी व्हिट्रिफाइड टाइल पाहिली नव्हती. तुळतुळीत टाइलवर किक प्रत्येक ठोक्याला बोटभर पुढे सरकते, तिच्यामागे पेडल, पेडलमागे मुलगा स्टुलासकट. दोन गाण्यांत सारा संच बाल्कनीच्या दारात पोचतो. म्हणून खाली काहीतरी अंथरावे लागते आणि मुलाचे स्टूलही त्याच अंथरुणावर हवे, म्हणजे त्याच्या वजनाने ते दाबून राहते. हे सूक्ष्म आहे. फक्त ड्रमखाली अंथरले तर ड्रम अंथरुणासकट प्रवास करतो. पायपुसणे पुरत नाही, चटई सरकते, योगासनांची मॅट फाटते. जाड सुती सतरंजी, साडेचार बाय सहाच्या खालची नको, ही एकमेव ग्राह्य वस्तू. मुंजीची सतरंजी घरात असल्यास ती द्यायला आजी तयार होत नाही, आणि तिचे बरोबर आहे.

किकच्या पोटात काय घालावे यावर दोन शाखा आहेत. उशीवाले आणि चादरवाले. रिकामी किक ‘बोंऽऽ’ करत राहते. आत काही मऊ ठेवले की ठोका आखूड होतो. उशी ठेवून दिली की झाले, पण ती एकाच ठिकाणी बसते. सोलापुरी चादर घडी घालून दोन्ही स्किनांना जेमतेम टेकेल अशी ठेवता येते, घडी कमी-जास्त करून नाद लावता येतो, आणि पाहुणे आले की काढून पांघरायलाही देता येते. आम्ही चादरशाखेचे. याला आधार हवा असेल तर बीटल्सच्या अखेरच्या काळातल्या ध्वनिमुद्रणांत रिंगो स्टारने ड्रमांवर चहाची भांडी पुसायची फडकी टाकली होती, हा घ्यावा. परक्या मुलखातल्या त्या फडक्याचा अर्थ आपल्याकडे पंचा असाच लावायचा.

शेवटी द्रव्यशुद्धी. नव्या सेटाच्या किमती दर दिवाळीला हलतात. पंचवीस-तीस हजारांच्या खाली जे पूर्ण मिळते त्यात पेडल आणि झांजा नावापुरत्या असतात. म्हणून जाणकार लोक दुसऱ्याचा पहिला ड्रमसेट विकत घेतात. ‘जवळजवळ नवा, हलवायचा आहे’ अशी जाहिरात दिसली की समजावे, तिथला मुलगा इंजिनिअरिंगला गेला. डोंबिवलीतल्या एका अशा घराचे दृश्य डोळ्यांसमोर आणू. बाल्कनीत सेट, त्यावर जुनी साडी, साडीवर वाळत घातलेले कुरडईचे ताट. वडील स्किन काढून ड्रमच्या कडेवरून बोट फिरवतात. कड गुळगुळीत हवी, टवका उडालेला असेल तर तो ड्रम सुरात लागत नाही. मुलगा क्रॅशची कड उजेडात धरून केसाएवढी चीर शोधतो, मधल्या भोकाची किल्लीसारखी लांबट खाच झाली आहे का तेही पाहतो. स्नेअरची तळची तार सुटलेली आहे. ती नवी मिळते, चिंता नाही.

‘ताई, वाजवलाय बराच का?’

‘छे हो. दिवाळीत नि त्याच्या वाढदिवसाला. शेवटी शेवटी तर म्हणायचा, आवाजच बसलाय याचा, फदफद वाजतो.’

वडील स्नेअरची स्किन दाबून पाहतात. ती मऊ पडलेली आहे. याचे कारण साधे. स्किन भोवतालच्या बोल्टांनी ताणलेली असते, बोल्ट वाजवता वाजवता सैल होतात, आणि ते समोरासमोरचे जोडीने थोडे थोडे आवळावे लागतात. त्यासाठी चौकोनी तोंडाची एक बोटभर किल्ली असते. बहुतेक सर्व कंपन्यांच्या सेटांना एकच चालते, पन्नास-शंभर रुपयांत मिळते, आणि नवशिक्याला ती सेटाबरोबर एकच दिली जाते.

‘काकू, याची किल्ली असेल ना?’ मुलगा विचारतो.

‘आहे तर! देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याखाली आहे. दोन वर्षं झाली, त्याच्या बारावीला मीच लपवली. म्हटलं, किल्लीच नाही तर उघडणार कसा?’